मागचंच माप

या घरात लग्न ठरलं की तारीख, हॉल, जेवणावळ हे सगळं मागाहून यायचं. आधी ठरायचा तो ट्रायलचा रविवार. थोरल्याच्या मुलीचं ठरलं तेव्हाही तसंच झालं. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, कापायचं लांबलचक टेबल आवरून त्यावर चहाचे कप मांडलेले, आणि घरातलं झाडून सगळं माणूस कच्च्या टाक्यातले कपडे घालून आरशासमोर उभं. आजोबांनी घालून दिलेला नियम एकच होता. घरातल्या माणसाने स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही. एकाने घ्यायचं, मोठ्या आवाजात सांगायचं, दुसऱ्याने टिपायचं. आजोबांचा स्वतःच्या पोटाबद्दल फार गोड गैरसमज होता आणि त्यांचा एक कोट ऐन समारंभात बटणापाशी फाटला, त्यातून हा नियम निघाला असं आई सांगायची.

तिघा भावंडांतल्या मधल्याने तो नियम वर्षभर मोडला होता आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

लपवणं ही त्याची रोजीरोटीच होती. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असेल तर आत अस्तराला गादी घालून दोन्ही सारखे दाखवायचे, पोट सुटलेलं असेल तर बटणांची रेघ जरा हलवायची, हेच त्याने आयुष्यभर केलं. तेव्हा स्वतःच्या अंगावरून मांस उतरायला लागलं तसं त्याने दुकान बंद झाल्यावर एकेक शर्ट उलटा करून मशीनखाली घातला आणि कडा आत घेतल्या. पँटच्या कमरा दाबल्या. आत दोन गंजिफ्रॉक, वरून बिनबाह्यांचा स्वेटर. कपडा अंगाला नेमका बसला की माणूस ठणठणीत दिसतो, कारण लोक कपडा बघतात. शिंप्याच्या घरचे लोक तर फक्त कपडाच बघतात.

नेमकं काय झालं होतं, हे त्याला धड सांगता आलं नसतं. कोणी गेलं नव्हतं, कशात खोट आली नव्हती. एका सकाळी उठावंसं वाटलं नाही, एवढंच. वाटलं, दगदग झाली असेल. दुसऱ्या सकाळीही तेच, आणि मग ते घरी राहायलाच आलं. पण बाजारात त्याला मजेत मास्तर म्हणत. समोरचा किल्लीवाला रोज सकाळी शटरच्या आवाजाला मान वर न करता विचारायचा, "काय मास्तर?" आणि हा म्हणायचा, "मजेत." पंचवीसेक वर्षं हेच चाललं होतं. आता एखाद्या सकाळी दुसरं काही म्हणायचं तर सगळा रस्ता थांबून बघेल असं त्याला वाटे.

वरच्या दोन खोल्यांत तो आणि आई. आईची नजर गेल्यातच जमा होती, उजेड आणि अंधार एवढंच तिला कळायचं. दोघं समोरासमोर जेवायला बसत. तो तिला वाढायचा, स्वतःपुढे रिकामी ताटली घ्यायचा आणि तिचं जेवण होईपर्यंत अधूनमधून चमचा वाजवायचा. "जेवलास ना पोटभर?" असं ती विचारायची. "हो गं, तट्ट," असं म्हणून तो दोन्ही ताटल्या धुवायला टाकायचा.

तर त्या रविवारी मधला पुतणीच्या पायाशी गुडघे टेकून बसला होता आणि तिच्या झग्याचा घेर टाचण्यांनी वर धरत होता. तोंडात टाचण्या असल्या की हे काम त्याला आवडायचं. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाकडून कोणी बोलण्याची अपेक्षा ठेवत नाही.

"काका, फार लांब नको हं. पायात येऊन पडले तर तुमचं नाव सांगेन," पुतणी म्हणाली.

"हं," मधला म्हणाला.

आई भिंतीकडेच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसली होती. थोरला टेबलाच्या टोकाशी उभा होता. त्याने कपाकडे हात नेला, कप उचलला आणि चहा बशीत सांडला. तो हात त्याने सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला. उजव्या हाताची बोटं आपोआप चाळवत होती.

"लपवण्यात अर्थ नाही," थोरला म्हणाला. "हे काही थांबायचं नाही असं डॉक्टर म्हणतात. पोरीचं लग्न झालं की मी कात्री ठेवतोय."

कळत सगळ्यांना होतं, पण थोरल्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. दुकानाला आग लागली त्या वर्षी याच हाताने शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून सबंध हंगामाचं कापड कापलं होतं आणि घर तगवलं होतं.

पहिली बोलली ती वहिनी. गप्प बसणं हा वहिनीला स्वतःचा अपमान वाटत असे. "कात्री ठेवा, पण दुकान ठेवायचं नाही. पाटीवर तीन पिढ्यांचं नाव आहे."

"नाव पाटीवर आहे वहिनी, दुकान ओढायला माणूस नको का?" हे छोटी म्हणाली. तिघांतली ही धाकटी. गाडी चालवायला शिकवण्याचा तिचा धंदा होता. शिकाऊंच्या शेजारी बसून स्वतःच्या बाजूचा जादा ब्रेक दाबत तिचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे कुठेही धोका दिसला की तिचा पाय जमिनीवर दाबला जायचा. "पुढचा गाळा कुणाला तरी चालवायला द्या. आईला मी नेते माझ्याकडे."

"आणि दिवसभर आईंना ठेवणार कुठे? गाडीच्या मागच्या सीटवर?"

"तुमच्याकडे तरी कोण असतं घरी?"

"मी असते. पण आमच्या जिन्याला उजेड नाही. पडल्याबिडल्या म्हणजे पुन्हा मीच ऐकायचं."

"मी इथेच बसले आहे," आई म्हणाली. पण नणंद-भावजय जुंपल्या की या घरात आईचंही कोणी ऐकत नसे. थोरला दोघींच्या मधे बघत उभा होता. बायकोची बाजू घेतली तर बहीण रुसणार, बहिणीची घेतली तर रात्रीपर्यंत खैर नाही, हा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"एवढं कशाला?" वहिनीने शेवटी हुकमाचं पान टाकलं. "भावजींना विचारा. त्यांना कुठे संसार आहे? दुकानाच्या डोक्यावरच राहतात, आईंची सवय आहे, गिऱ्हाईक त्यांना मानतं. काय हो भावजी?"

हे ती वाईट बुद्धीने बोलली नाही. सगळ्यांच्या मनातलं ती आधी बोलायची, एवढंच. सगळ्यांच्या माना मधल्याकडे वळल्या. छोटीचीसुद्धा.

मधल्याने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. जितका वेळ लावता येईल तितका लावला. उद्या सकाळी आपल्याच्याने शटर वर होईल की नाही हे त्याला माहीत नव्हतं. नाही म्हणायला हीच वेळ होती, हेही कळत होतं. पण थोरल्याचा तो हात अजून टेबलावर चाळवत होता.

"मी आहे ना," तो म्हणाला. "होईल सगळं. दुकान पण आणि आई पण. काळजी करू नका."

खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. वहिनीने विजयाने चहा ओतला. थोरल्याचे खांदे खाली आले. छोटी म्हणाली, "बघ हं, नंतर कुरकुरू नकोस," पण सुटल्यासारखी हसली. आई मात्र मान किंचित तिरकी करून त्याच्या आवाजाच्या दिशेने बघत राहिली.

"मग आता माझं ऐका," थोरला म्हणाला आणि टेबलाखालून कपड्याची पिशवी काढली. त्याचा आवाज अचानक लहान मुलासारखा झाला होता. "मधल्या, उठ. तुझा कोट."

मधला जागच्या जागी थिजला. हा कोट शिवायला घेतल्याचं त्याला माहीत होतं. मापाचं विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "मागचंच घे. इंचभर इकडचं तिकडे नाही." घरातल्या प्रत्येकाचे कागदी फर्मे दुकानात खुंटीला टांगलेले असत, थोरल्याने त्याचा जुना फर्मा उतरवून नेला होता. कच्चा कोट दुकानात येईल, मग रात्री एकटं असताना आत घेऊन टाकू, असं मधल्याने ठरवलेलं. पण थोरल्याने कोट आजपर्यंत स्वतःच्या घरातून हलवलाच नव्हता.

"कारागिराला हात लावू दिला नाही," थोरला म्हणाला. "कापला मी, टाके मी घातले. एका हाताने दुसरा हात धरून घातले. माझा शेवटचा आहे, तो तुझा असावा म्हटलं."

"आधी पोरीचं होऊ दे," मधला म्हणाला. "मी नंतर घालतो."

"माझं झालं काका," पुतणी म्हणाली.

"मग स्वेटरवरून घालतो."

"स्वेटरवरून कोटाची ट्रायल? लोकांना सांगू नकोस आपण शिंपी आहोत म्हणून. काढ ते."

स्वेटर काढला. थोरल्याने मागून कोट धरला, मधल्याने हात घातले आणि तो आरशाकडे वळला.

कोट त्याच्या अंगावर बसला नाही, लटकला. खांद्याची शिवण दंडावर उतरली, कॉलर मानेपासून सुटून उभी राहिली, आणि पुढचे दोन पल्ले एकमेकांवर इतके आले की बटणं जवळजवळ काखेत गेली असती. मोठ्या भावाचा कोट घातलेल्या शाळकरी पोरासारखा तो दिसत होता. फरक इतकाच की केस पांढरे होते.

थोरला जवळ आला. त्याने पाठीवरचं जादा कापड चिमटीत धरायचा प्रयत्न केला. चिमटीत मावेना, मूठ भरली. ती मूठ तशीच धरून तो आरशात बघत राहिला.

"पाठीत एवढं?" तो म्हणाला.

"होतं रे," मधला पटकन म्हणाला. "कापड नवं आहे, बसेल. आणि मला जरा सैलच बरं वाटतं."

या घरात जन्मलेल्या कोणालाही हे वाक्य खोटं आहे हे झोपेतही कळलं असतं. थोरल्याने मूठ सोडली आणि मागे सरून स्टुलावर बसला.

"मी म्हणत होते," वहिनी हळू म्हणाली, "हात चालत नाही तर हट्ट कशाला..."

"हाताचं नाही हे," थोरला म्हणाला. "हात गेला हे मी मान्य केलं होतं. टाका वाकडा आला असता तर हसलो असतो मी. पण कापणं नजरेचं काम आहे. फर्मा समोर ठेवून मी एवढा चुकलो? एक मूठ?" त्याने डोळ्यांवरून तळवा फिरवला. मग काहीतरी आठवून त्याने मुलीकडे पाहिलं. "जावयांचा कोट कुठाय?"

"आत आहे बाबा. पण तो..."

"तो मी याच्याच आदल्या दिवशी कापलाय. तोही उसवा. माझ्या हातचं सगळं उसवा आणि बाहेर कुणाकडून तरी करून घ्या. लग्नात हसं नको." त्याने टेबलावरची छोटी कात्री उचलली, उठला, आणि मधल्याच्या कॉलरचा कच्चा टाका तोडायला लागला. कात्री थरथरत होती. एकदा तिचं टोक मधल्याच्या मानेला लागलं.

पुतणी रडवेली होऊन भिंतीला टेकली. मधला आरशात भावाचा चेहरा बघत होता. आता नुसतं उभं राहिलं की झालं. थोरला कोट उसवेल, आपल्या नजरेला दोष देईल आणि उरलेलं आयुष्य खिडकीत बसून काढेल. इकडे सगळे म्हणतील मधला बिचारा मजेत आहे. वर्षभर त्याने सगळ्यांना धीर दिला होता. पहिल्यांदाच अशी वेळ आली होती की समोरच्याला धीर द्यायचा तर स्वतःचं उघडं करावं लागणार होतं. दुसरा कुठलाही शब्द इथे चालणार नव्हता, कारण समोर थोरला होता आणि थोरल्याला कापड कळत होतं.

त्याने थोरल्याचं मनगट धरलं. "दादा, थांब. फर्मा आण."

"कशाला?"

"आण तर. कोटाला लावून बघ."

पुतणीने पिशवीतून फर्मा काढला. मधल्याने कोट उतरवला, टेबलावर पालथा पसरला आणि कागद त्याच्या पाठीवर ठेवला. कागद आणि कोट कडेला कड जुळले. खांदा जुळला, बगल जुळली, शिवणीचं कापड सगळीकडे सारखं सुटलेलं होतं.

"बिनचूक आहे," मधला म्हणाला. "तू चुकला नाहीस. मागच्या मापाचाच कोट आहे हा. मीच त्या मापाचा राहिलो नाही."

थोरल्याला लगेच उमगलं नाही. तेव्हा मधल्याने शर्टाची बटणं काढली, शर्ट उतरवून उलटा केला आणि टेबलावर टाकला. कडेच्या शिवणीला टाक्यांच्या ओळीवर ओळी होत्या. पहिली मूळची, तिच्या आत दुसरी, आणखी आत तिसरी. पुतणीने त्या ओळींवरून बोट फिरवलं. हे वाचायला या घरात कोणाला शिकवावं लागत नव्हतं. प्रत्येक वेळी कमी होत गेलेला माणूस तिथे टाक्याटाक्याने शिवलेला होता. मग सगळ्यांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. दोन गंजिफ्रॉक घातलेले होते, तरी गळ्याखालची हाडं दिसत होती.

"अगं बाई," वहिनी म्हणाली आणि तिने खुर्ची ओढून त्याच्यामागे ठेवली. "शुगर असेल. माझ्या भावाचं अस्संच झालं होतं. बसा आधी."

"शुगर नाही वहिनी. तपासून आलो. काहीच निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, मनावर काही ताण आहे का."

"मग?"

"म्हटलं, छे, मजेत आहे."

मधला खुर्चीत बसला. शब्द त्याने कधी जमवले नव्हते, त्यामुळे ते कसेही आले. "मला काही वाटतच नाही दादा. भूक नाही, झोप नाही. सकाळी जिना उतरताना वाटतं परत वर जावं. गिऱ्हाईक आलं की हसतो, तेवढं जमतं. ते गेलं की इथे बसून राहतो, हातात कापड धरून. कापायचं काय होतं तेच आठवत नाही. कशामुळे, ते विचारू नका. मलाच माहीत नाही."

"आणि मला?" छोटीचा आवाज चढला. "मला रोज फोनवर 'मजेत, तू सांग'? मी वेड्यासारखी माझंच सांगत बसायचे. क्लचचं, पेट्रोलचं. एकदा तरी बोलायचंस."

"तुझ्या शेजारी कोणीतरी शिकाऊ असायचा. म्हटलं, तुझं लक्ष रस्त्यावर असू दे."

"माझ्या लक्षाची काळजी तू करू नकोस."

"रात्री झोपताना वाटतं," मधला म्हणाला. बोलायला लागला होता तर आता थांबणं जमत नव्हतं. "सकाळ झाली नाही तरी चालेल."

छोटीचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. तिचं तिलाही कळलं नाही. मग ती उठली, त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याचे दोन्ही हात धरले. "सरळ विचारते, सरळ सांग. नुसतं वाटतं, की काही करून घ्यायचं मनात येतं?"

"करायचं नाही. वाटतं नुसतं. पण हल्ली जास्त वाटतं."

"बरं. मी आज इथेच राहणार आहे. उद्या सकाळी मी तुला दवाखान्यात नेते, मनाच्या डॉक्टरांकडे. गाडी मी चालवते, तू नुसता बस. आणि तिथे मजेत म्हणालास तर मी शेजारी आहे."

"दुकान?"

"खड्ड्यात गेलं दुकान," छोटी म्हणाली, आणि आश्चर्य म्हणजे वहिनी काही बोलली नाही. ती थोडा वेळ टेबलावरचे कप उगीचच जुळवत राहिली. मग तिची सवय उफाळून आली.

"नेऊ या, नक्की नेऊ या. पण बाहेर कशाला बोलायचं? लग्न तोंडावर आलंय. व्याह्यांच्या कानावर गेलं तर उगीच नाही ते... अशक्तपणा आहे म्हणून सांगू या."

"आई, पुरे," पुतणी म्हणाली. तिने कधी आईला असं अडवलं नव्हतं. "मी स्वतः सांगणार आहे त्यांना. ज्यांना हे ऐकून चालणार नाही, त्यांच्याकडे मी जाऊन काय करू?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी थोरला चष्मा पुसायचा. आज त्याने तो डोळ्यांवर नीट बसवला. "पोरगी बरोबर बोलतेय," तो म्हणाला. वहिनीचे डोळे भरून आले. रागाने की कशाने, तिलाच ठाऊक. ती मधल्याला म्हणाली, "मगाशी मी संसाराचं बोलले, ते मनाला लावून घेऊ नका भावजी. तुम्ही इतकं सहज हो म्हणता, की दुसरं काही विचारायचं सुचतच नाही."

"पण मगाशी 'मी आहे ना' का म्हणालास?" थोरल्याने विचारलं.

"सवय आहे," मधला म्हणाला.

थोरल्याने गळ्यातला टेप काढला. "उभा राहा."

मधला उभा राहिला. थोरल्याने डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरलं आणि टेप त्याच्या छातीभोवती घेतला. आजोबांच्या वेळेपासून या दुकानात माप खणखणीत आवाजात सांगायची रीत होती, रस्त्यावरच्या माणसालाही दुसऱ्याच्या कमरेचा घेर ऐकू जायचा. थोरल्याने आकडा सांगितला. पुतणी खडू घेऊन तयार होती.

"बाबा, ऐकू नाही आलं."

त्याने परत सांगितला. याही वेळी आवाज घशातच राहिला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही, वाकून टेप स्वतः वाचला आणि नव्या कागदावर लिहिला. मग पाठ, मग कंबर, मग बाही. कंबर घेताना थोरल्याचं कपाळ भावाच्या खांद्याला टेकलं आणि तिथेच राहिलं. टेपचं टोक शोधत असल्यासारखं त्याने दाखवलं. मधल्याने त्याला दाखवू दिलं.

"कोट आत घेतो," शेवटी थोरला टेप गुंडाळत म्हणाला. "पण कापड कापणार नाही. सगळं आत दुमडून ठेवतो. जरा जाड वाटेल अंगाला, चालवून घे. पुढे सोडायला लागेल."

दुपारी सगळे वरच्या खोलीत जेवायला बसले. इतकी माणसं त्या टेबलाभोवती बऱ्याच दिवसांनी बसली होती, दोन स्टुलं दुकानातून आणावी लागली. वहिनीने वाढलं. मधल्याच्या ताटलीत तिने थोडंच वाढलं, याची त्याला गंमत वाटली, कारण वहिनीने आयुष्यात कोणाला थोडं वाढलं नव्हतं. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. कोणी बघत नाही हे दाखवण्याची सगळ्यांची धडपड चालली होती.

त्याने चमचा उचलला. हाताला सवय होती, चमचा ताटलीच्या कडेवर वाजला.

आईने हात पुढे केला. टेबलावरून चाचपत ती त्याच्या ताटलीपर्यंत आली, बोटांनी आतलं अन्न लागलं तेव्हा थांबली. "आज वाढलंय," ती म्हणाली.

मधल्याचा चमचा हवेतच राहिला. "तुला माहीत होतं?"

"डोळे गेलेत माझे. रिकामी ताटली कशी वाजते ते कळतं."

"मग कधी विचारलं का नाहीस?"

सगळ्यांचं खाणं थांबलं होतं. "भीती वाटायची," आई म्हणाली. "विचारलं असतं तर वाजवायचंही सोडलं असतंस. समोर बसून तेवढं तरी करतोयस, म्हटलं, करू दे. रोज झोपायच्या आधी तुझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायचे. श्वास ऐकू आला की परत जायचे."

काळजी करू नकोस, मी मजेत आहे, हे त्याच्या ओठांवर आलं. आयुष्यभर ते आपोआप यायचं, तसंच आलं. त्याने ते गिळलं.

"मला बरं नाहीये आई," तो म्हणाला.

"हो रे," आई म्हणाली. "जेव."

त्याने एक घास घेतला. त्याला काही चव लागली नाही. बराच वेळ चावून त्याने तो खाली उतरवला आणि दुसरा घेतला. आईचा हात ताटलीच्या कडेवर होता, तो तिने काढला नाही.